कादंबरीतून इंग्लिश शब्द शिकवणारं वर्कबुक: काही महिने वापरल्यावर (पान नंबरांच्या वैतागासकट)

कन्सेप्ट सगळ्यांना माहितीये, गाजलेली टीनएज कादंबरी घ्यायची, सोबत हे वर्कबुक, शब्दापुढे कादंबरीतलं पान दिलेलं, ते उघडून संदर्भावरून अर्थ ओळखायचा, मग ताडून बघायचा, शेवटी क्विझ. ते परत सांगत नाही. माझं दुखणं वेगळंय. पान नंबर जुळत नाहीत!

त्यांनी हार्डकव्हरची पानं धरलीत. माझी कॉपी सेकंडहँड पेपरबॅक, बारीक टाइप, पानं कमी. सुरुवातीला दोन-चार पानांचा फरक, तेवढं चालतं, पण तो साठत जातो ना, मध्यावर पोचेपर्यंत शब्द दिलेल्या पानाच्या कितीतरी आधीच येऊन गेलेला असतो. शेवटी त्रैराशिक मांडायला लागले, त्यांची एकूण पानं, माझी एकूण पानं, आणि त्यावरून अंदाज. इंग्लिश शिकायला बसले आणि करतेय काय तर शाळेतलं गणित. नुसता प्रकरणाचा नंबर दिला असता तरी भागलं असतं, प्रकरणं काही टाइप बारीक केला म्हणून बदलत नाहीत. वर लोकांचा सल्ला, हार्डकव्हर घेऊन टाक. एकच कादंबरी दोनदा विकत घेऊ, ती पण पान नंबरांसाठी? नाही घेणार. इबुकच्या फुकट सॅम्पलमध्ये सर्च करून पाहिलं, पण त्यात सुरुवातीचाच भाग असतो, तो संपला की परत त्रैराशिक.

बरं, शिकायला मिळतं का? मिळतं. कादंबरी सोपी आहे हाच मोठा फायदा. पॉल नेशन या संशोधकांचा २००६ चा पेपर आहे, कादंबरीतले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत असं धरलं तर साधारण ८ ते ९ हजार वर्ड फॅमिली (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक) लागतात असा त्यांचा हिशेब. म्हणजे तीनशे शब्दांच्या पानावर अनोळखी सहाच. एवढ्याने गोष्ट अडत नाही. जड क्लासिक घेऊन बसायचे तेव्हा गोष्ट बाजूलाच राहायची, डिक्शनरीच वाचून व्हायची.

सुरुवातीला मी हे पाच स्टार म्हणून सगळ्यांना सांगत सुटले होते. आता साडेतीन. कारण असल्या कादंबरीत नवे शब्द येतात कुठले? स्काउल, ग्लाउअर, ग्रिमेस, स्नीअर, म्हणजे तोंड वाकडं करायचे जेवढे प्रकार असतील तेवढे. मग चालायचे, कुजबुजायचे, सुस्कारे टाकायचे. जीआरईला (परदेशी मास्टर्स, पीएचडीच्या प्रवेशाची परीक्षा) लागतात मिटिगेट, इक्विव्होकेट, अँबिव्हॅलंट असले, वाद घालताना आणि मत मांडताना वापरायचे शब्द, आणि हिरो-हिरॉइन तर मतं मांडतच नाहीत, नुसते बघत बसतात एकमेकांकडे. मग वर्कबुकवाले काय करतात, कादंबरीतल्या एका शब्दाला पाच-सहा समानार्थी चिकटवतात आणि अवघड माल सगळा तिथे. ते गोष्टीतून आलेलेच नाहीत, म्हणजे फिरून पाठांतर.

या याद्यांना खूप शिव्या घातल्या, पण जीआरईच्या सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये सहा पर्यायांतले दोन असे निवडायचे असतात की दोन्ही वाक्यांचा अर्थ सारखा राहील, आणि तिथे याच याद्या कामाला येतात, त्यामुळे अर्धा स्टार परत दिलाय (साडेतीनमध्ये तो धरलेलाच आहे). लिहिताना मात्र जपून, यादीतला कुठलाही शब्द कुठेही बसत नाही, आणि वर्कबुक त्याबद्दल गप्प.

एसएटीसाठी (अमेरिकन कॉलेजांची प्रवेश परीक्षा) घेणार असाल तर छपाईचं साल बघा. २०१६ ला परीक्षा बदलली तेव्हा गाळलेल्या जागी शब्द भरायचं जुनं सेंटेन्स कम्प्लीशन गेलं, कव्हरवर एसएटी कितीही मोठ्या अक्षरात असलं तरी.

उजळणीची सोय शून्य. मी शब्द कादंबरीतल्या वाक्यासकट अंकी या फ्लॅशकार्ड ॲपमध्ये टाकते, कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवाल्यांना पैसे पडतात.

प्रकाशकाला मेल टाकली, पेपरबॅकच्या पानांचा तक्ता पीडीएफमध्ये द्या म्हणून. उत्तर आलं, कृपया सुचवलेली आवृत्ती वापरावी. धन्यवाद! तेव्हा ऑर्डर करायच्या आधी आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आवृत्तीचा क्रमांक) ताडून बघा, हार्डकव्हर आणि पेपरबॅकचे नंबर वेगळे असतात, कुठली आवृत्ती धरलीय ते माझ्या वर्कबुकात पहिल्या पानांत बारीक अक्षरात लिहिलंय. आणि माझी कॉपी विकणार का असं कोणी विचारू नका, क्विझ पेन्सिलने सोडवल्यात, खोडून परत सोडवायच्यात.