स्पार्कमध्ये अनेक फोल्डरांतला डेटा वाचताना: मूळ पाथ, पाथची यादी की युनियन?

स्पार्क म्हणजे मोठा डेटा अनेक मशीनवर वाटून हाताळणारं साधन. समजा, डेटा 'साल=२०२४/महिना=०५' अशा फोल्डरांत पडलाय आणि तुम्हाला त्यातले मोजकेच महिने हवेत.

सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे मूळ फोल्डरचा पाथ द्यायचा आणि साल-महिन्यावर फिल्टर लावायचा. नको त्या पार्टिशनमधल्या (म्हणजे अशा साल-महिन्याच्या फोल्डरांतल्या) फाइल्स उघडल्याच जात नाहीत. मात्र त्याआधी स्पार्क मूळ फोल्डरखालच्या झाडून सगळ्या फाइल्सची यादी करतो. ऑब्जेक्ट स्टोअरवर (एस-थ्रीसारख्या क्लाउड साठ्यावर) हजारो पार्टिशन असतील तर या मोजदादीतच बराच वेळ जातो.

हवे तेवढेच पाथ दिले तर तो वेळ वाचतो, पण इथे बरेच जण फसतात. आवृत्ती १.६ पासून स्पार्क दिलेल्या पाथच्या खालीच पार्टिशन शोधतो. थेट महिन्याचा फोल्डर दिलात की 'साल' आणि 'महिना' हे कॉलम गायब! म्हणून 'बेसपाथ' या ऑप्शनमध्ये मूळ फोल्डर सांगायलाच हवा. शिवाय यादीतला एक जरी फोल्डर जागेवर नसला तरी जॉब एररने थांबतो. मला हे आवडतं. वाइल्डकार्ड (पाथमध्ये 'काहीही चालेल' सांगणारं * चिन्ह) दिलं तर एखादा महिना आलाच नाही तरी जॉब मुकाट पुढे जातो आणि चूक रिपोर्टमध्ये दिसते. (बेसपाथ तिथेही लागतोच.)

प्रत्येक फोल्डर वेगळा वाचून युनियन करणं, म्हणजे त्यांच्या ओळी एकाखाली एक जोडणं, मी शेवटचा उपाय मानतो. जुन्या-नव्या फोल्डरांत कॉलमचे टाइप बदललेले असतील तर त्याला पर्याय नाही. पण साधं युनियन कॉलम क्रमाने जुळवतं, नावाने नाही. नावाने जुळवणारं युनियन वापरा, स्पार्क ३.१ पासून त्यात तसा पर्याय चालू केला तर नसलेले कॉलम नल (रिकामी किंमत) भरून चालतात. शंभर फोल्डरांचं युनियन लूपमध्ये केलंत तर क्वेरी प्लॅन (काम कसं करायचं याचा स्पार्कचा आराखडा) भलताच फुगतो. पार्के या फाइल प्रकारात फक्त कॉलम वाढले असतील तर स्कीमा मर्ज (सगळ्या फाइल्सचे कॉलम एकत्र करणं) पुरतं, पण ते महाग म्हणून १.५ पासून मुळात बंद असतं.

पद्धत कुठलीही घ्या, फोल्डरच्या नावातला '०५' आपोआप ५ हा आकडा होतो. पुढे मजकूर म्हणून जोडणार असाल तर टाइप ओळखण्याची सेटिंग बंद करा.

मी सुरुवात मूळ पाथ आणि फिल्टरनेच करतो. फाइल्सच्या यादीलाच वेळ लागू लागला आणि महिने आधी ठाऊक असले, तर पाथची यादी आणि बेसपाथ. तोच डेटा रोज चौघे वाचत असतील तर मेटास्टोअरमध्ये (टेबलं आणि त्यांच्या पार्टिशनची नोंद ठेवणाऱ्या कॅटलॉगमध्ये) टेबल करून टाका. तिथे हवी ती पार्टिशन कॅटलॉगमधूनच निवडली जातात. फक्त हाताने टाकलेले नवे फोल्डर मेटास्टोअरला कळवावे लागतात.