जुन्या मस्टँगचा मागचा अ‍ॅक्सल: एक्सप्लोररचा ८.८ की नऊ इंची?

१९६७ ते १९७० मधली मस्टँग, २८९ किंवा ३०२ घन इंची इंजिन, मागे मूळचा आठ इंची (म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी क्राउन व्हीलचा व्यास आठ इंच) अ‍ॅक्सल आणि ३.०० चा निवांत रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे तीन फेरे). अशी गाडी बाळगणारा कधी ना कधी या फाट्यावर येतोच. आठ इंचीला मी नावं ठेवणार नाही, साध्या ३०२ ला तो आयुष्यभर पुरतो. पण इंजिनात थोडी करामत झाली, मागे चिकट टायर आले आणि सिग्नलला उडी मारायची हौस वाढली, की त्याच्या २८ स्प्लाइनच्या (टोकाला २८ खाचा असलेल्या) शाफ्टांकडे जरा संशयाने बघावं लागतं.

मग दोन रस्ते उरतात. एक, भंगारातल्या फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची. दोन, १९५७ पासून जवळजवळ तीन दशकं फोर्डने बनवलेला आणि आज बाजारात कोरा करकरीत मिळणारा नऊ इंची. मित्राच्या ६८ च्या गाडीखाली पहिला आहे, माझ्या ६९ खाली दुसरा. दोन्ही बसवताना मी हाताशी होतो. त्यामुळे पुढचं मत कानाच्या आणि पाठीच्या अनुभवावर बेतलेलं आहे, यंत्रावर मोजलेलं काही नाही.

पैशाचा हिशोब केला तर ८.८ समोर नऊ इंची उभाच राहत नाही. १९९५ ते २००१ च्या एक्सप्लोररचा अ‍ॅक्सल घेतला की ३१ स्प्लाइनचे जाड शाफ्ट, मागचे डिस्क ब्रेक आणि नशीब असेल तर लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं घसरू न देणारं डिफरन्शिअल), हे सगळं काही शे डॉलरांत पदरात पडतं. चाकाचे पाच बोल्टही मस्टँगच्याच मापाचे. रुंदी साडेएकोणसाठ इंचांच्या आसपास, म्हणजे ६७ ते ७० च्या गाडीला जवळजवळ नेमकी. ६५-६६ वाल्यांना मात्र डावीकडची लांब नळी कापून दोन्ही बाजूंना उजवीकडचा आखूड शाफ्ट घालावा लागतो. स्प्रिंगच्या बैठका सगळ्यांनाच नव्याने वेल्ड कराव्या लागतात. वेल्डिंग घाईने केलं तर उष्णतेने नळी वाकते, तेवढं सांभाळा.

आता आमच्या मिशिगनची रड. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं, त्यामुळे भंगारातला एक्सप्लोरर खालून बघवत नाही. ब्रेकच्या मागच्या पत्र्याला हात लावावा तर पापुद्रे हातात येतात. शिवाय २००९ मध्ये सरकारने जुन्या गाड्या मोडीत घेण्याची योजना काढली, तेव्हा जमा होणाऱ्यांत एक्सप्लोरर सगळ्यांत पुढे होती. चांगला अ‍ॅक्सल अजून मिळतो, पण तो दक्षिणेकडच्या कोरड्या राज्यांतून मागवावा लागतो आणि मग वाहतुकीचा खर्च स्वस्ताईतला बराच वाटा खातो. तरीही नव्या नऊ इंचीपेक्षा तो स्वस्तच पडतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. नऊ इंचीचा आकडा ब्रेक धरून सहज काही हजारांत जातो.

ताकदीची चर्चा मी थोडक्यात उरकतो, कारण आपल्यासारख्यांना दोन्ही पुरून उरतात. नऊ इंचीत पिनियनला (क्राउन व्हील फिरवणाऱ्या छोट्या गिअरला) मागून तिसरं बेअरिंग असतं, ८.८ ला नसतं. ८.८ चे शाफ्ट आत सी-क्लिपवर (सी आकाराच्या छोट्या कड्यांवर) अडकलेले असतात. शाफ्ट तुटला तर चाक बाहेर यायला वाट मोकळी. म्हणूनच ड्रॅग रेसिंगमध्ये पाव मैल १०.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाड्यांना मूळच्या सी-क्लिप चालत नाहीत. पण इतक्या वेगाने पळणारे लोक असले लेख वाचत बसत नाहीत.

माझं मन वळलं ते एका आवाजाने. मित्राच्या अ‍ॅक्सलमध्ये ३.७३ चा सेट होता. त्याची गाडी सी-४ या तीन गिअरच्या ऑटोमॅटिकवर चालते, ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिनाचे फेरे उतरवणारा वरचा गिअर) नाही. म्हणजे २६ इंची टायरवर ताशी ६५ मैलांना तीन हजार शंभरच्या पुढे आरपीएम. त्याने नवं ३.५५ चं क्राउन-पिनियन आणलं आणि एका गॅरेजमध्ये बसवून घेतलं. गाडी धावली छान, फक्त पन्नास ते साठ मैलांच्या दरम्यान अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मागून एकच बारीक सूर सुरू व्हायचा. रेडिओ मोठा केला तरी तो वेगळा ऐकू यायचा. दातांना पिवळा रंग लावून पाहिला, तर ठसा किंचित सरकलेला. पिनियनची खोली दोन-तीन थाऊने (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) चुकली होती, एवढंच.

ते ‘एवढंच’ ८.८ मध्ये दुरुस्त करून पाहा. प्रोपेलर शाफ्ट सोडा, मागचं झाकण उघडा, तेल काढा, क्रॉस पिन काढून सी-क्लिप काढा, दोन्ही शाफ्ट ओढा, कॅरिअर (क्राउन व्हीलसकट डिफरन्शिअल) उतरवा, पिनियन बाहेर घ्या. शिम (खोली ठरवणारी पातळ चकती) असते पिनियनच्या डोक्याच्या आणि बेअरिंगच्या मध्ये, म्हणजे बेअरिंग प्रेसवर काढा. शिम बदला, नवी क्रश स्लीव्ह (आवळताना दबणारी, एकदाच वापरायची नळी) घाला आणि हे सगळं उलट क्रमाने, थंड फरशीवर पाठ टेकून, तोंडावर तेल ठिबकत. चालवून बघितल्यावर सूर राहिला, तर पुन्हा पहिल्यापासून. त्यात लिमिटेड स्लिपच्या तेलाचा वास. हिंगाचा डबा सांडावा तसा तो घराला चिकटलेल्या गॅरेजमधून थेट स्वयंपाकघरात पोहोचतो.

असाच हलका सूर माझ्या नऊ इंचीतूनही आला होता. दोन्ही बाजूंचे चार-चार नट काढून शाफ्ट बाहेर ओढले, मधला अख्खा गोळा (क्राउन व्हील, पिनियन आणि डिफरन्शिअल एकत्र) उतरवला आणि डिकीत टाकून गिअरवाल्याकडे नेला. गोळा भलताच जड असतो, छातीवर एकट्याने घेऊ नका. पिनियन वेगळ्या घरात बसलेलं, पाच बोल्टांवर. शिम त्या घराच्या आणि गोळ्याच्या मध्ये, बेअरिंगला हात न लावता बदलता येते. त्याने टेबलावर, उजेडात, उभ्याने काम केलं.

नऊ इंचीवर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खरा आहे. पिनियन क्राउन व्हीलच्या मध्यापासून बरंच खाली असल्याने दात जास्त घासतात आणि थोडी ताकद उष्णतेत जाते. माझ्या पेट्रोलच्या बिलात ती कधी दिसली नाही. गाडी महिन्यातून चार वेळा बाहेर पडते, दिसणार तरी कशी?

रेशोचं म्हणाल तर ओव्हरड्राइव्ह नसेल तर ३.५० च्या आसपास थांबावं असं मला वाटतं. त्यावर ६५ मैलांना तीन हजारांच्या जरा खाली राहतं. ४.११ ऑगस्टमधल्या, डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या परेडला झकास, पण घरी परतताना हायवेवर साडेतीन हजारांची घरघर सोसावी लागते. टी-५ हा पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स बसवला असेल तर त्याचा पाचवा सहसा ०.६८ चा, मग ३.७३ ही आरामात चालतो. नऊ इंचीवाल्याला आणखी एक सोय: दुसऱ्या रेशोचा तयार गोळा फळीवर ठेवता येतो. रेशो कुठलाही घ्या, स्पीडोमीटरचा छोटा प्लास्टिकचा गिअर त्याच वेळी बदला, नाहीतर काटा खोटं बोलतो.

तरी तुम्हाला टेक्सास-अ‍ॅरिझोनाकडचा स्वच्छ ८.८ मिळाला आणि त्यातला कंपनीचा रेशो तुमच्या गिअरबॉक्सला जुळत असला, तर बिनधास्त घ्या. फक्त आतल्या क्राउन-पिनियनला हात लावू नका. कंपनीने जुळवलेला सेट सहसा गप्प असतो. रेशो बदलायचाच असेल, तर माझं मत तुमच्या लक्षात आलंच असेल.