फेसबुक पेज की व्हॉट्सअॅप यादी?

छोट्या सामाजिक संस्थेत देणगीदारांना आणि इतर लोकांना कामाची माहिती कळवत राहण्याचं काम बहुधा एकच कार्यकर्ता संध्याकाळी उरलेल्या वेळात करतो, म्हणून निवड करावीच लागते.

फेसबुक पेजवर अनोळखी माणूस येतो. पानी फाउंडेशनची वॉटर कप, म्हणजे गावांनी श्रमदानातून पाणी अडवण्याची स्पर्धा, 2016 मध्ये वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली. असं श्रमदान गावाबाहेरच्यांना दाखवायचं तर व्हिडिओ आणि खुलं पेज हवंच. पण पोस्ट कोणाला दिसेल, हे फेसबुक ठरवतं. पेज लाइक केलेल्या सगळ्यांपर्यंत ती पोचत नाही.

व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच निरोप अनेकांना वेगवेगळा जातो) 256 जण मावतात, आणि ज्यांनी संस्थेचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप जातो. मला ही अट आवडते. नंबर सेव्ह करणारा माणूस आपला असतो. ‘तुमच्या पैशातून घेतलेल्या वह्या आज वाटल्या’ एवढी ओळ आणि एक फोटो पाठवा (मुलांचे चेहरे पालकांना विचारूनच). उत्तर थेट तुम्हाला येतं. देणगीची पावतीही तिथेच देता येते. रोज सुप्रभात मात्र नको, लोक ब्लॉक करतात.

हाती एकच तास असेल तर मी तो व्हॉट्सअॅपला देईन.