लाइन गेली, जॉब रांगेत राहिला: सेवा केंद्रासाठी कप्स कितपत कामाचं?

जून-जुलै आला की तहसील कचेरीसमोरच्या ऑनलाइन-झेरॉक्सच्या दुकानांत उत्पन्नाचे दाखले, नॉन क्रीमीलेयर, सातबारा आणि पीक विम्याचे अर्ज असं सगळं एकाच प्रिंटरच्या मागे लागतं. त्या घाईत एका प्रतीऐवजी पाच प्रती गेल्या, किंवा ए४ ऐवजी लेटर साइज राहिली, तर बहुतेक ऑपरेटर एकच करतात: जॉब कॅन्सल, पुन्हा प्रिंट. पण पीडीएफ पोर्टलवरूनच थेट उघडलेली असेल तर पुन्हा लॉगिन आलं, पुन्हा ओटीपी आला. आणि ओटीपी ज्या मोबाइलवर जातो तो नेमका पोराच्या खिशात, पोरगं वावरात. म्हणून रांगेतला जॉब, म्हणजे छपाईला पाठवलेलं काम, कॅन्सल न करता तिथल्या तिथे बदलता येतो का, हे आधी पाहायला हवं.

लिनक्स या विंडोजला पर्यायी सिस्टिमवर छपाई सांभाळणाऱ्या कप्स (CUPS) या प्रोग्रॅममध्ये तो बदलता येतो, आणि विंडोजपेक्षा बराच जास्त बदलता येतो. कप्स फुकट आहे, उबुंटू किंवा मिंटसारख्या लिनक्समध्ये बहुधा आधीच बसवलेलं असतं, मॅकमध्येही तेच आहे. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये हे काम सुरू केलं, २००७ मध्ये ॲपलने त्याचा सोर्स कोड विकत घेतला, आणि २०२० पासून लिनक्सकडची शाखा ओपनप्रिंटिंग हा गट सांभाळतो. दोन प्रिंटर असलेल्या केंद्राने ते लावावंच, असं आमचं मत. एकच प्रिंटर आणि दिवसाला वीस-पंचवीस पानं एवढाच कारभार असेल तर ही उठाठेव करू नये.

विंडोजच्या जुन्या रांगेच्या खिडकीत जॉबवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या की दोनच गोष्टी खरोखर हलवता येतात: प्रायॉरिटी (१ ते ९९) आणि कोणत्या वेळेत छापायचं ते. प्रती, कागद, पानांची रेंज हे दिसतं, पण बदलत नाही. एखादाच जॉब उचलून दुसऱ्या प्रिंटरला देताही येत नाही. पोर्ट बदलून अख्खी रांग वळवता येते, तीही दोन्ही प्रिंटरना एकच ड्रायव्हर चालत असेल तर.

हा फरक येतो कुठून, ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. विंडोजवर जॉब रांगेत जातानाच बहुतेक वेळा त्या प्रिंटरपुरता तयार होऊन बसतो. कप्स मूळ पीडीएफ तशीच ठेवतं आणि जॉबचा नंबर लागला की मगच ती प्रिंटरच्या भाषेत उतरवतं. म्हणजे नंबर लागेपर्यंत प्रती, कागद, बाजू, पानं, एवढंच काय प्रिंटरसुद्धा बदलता येतो. छपाई सुरू झाली की ही मुभा संपते.

टर्मिनलच्या खिडकीत टाइप करायच्या कमांड खाली उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी स्मॉल अक्षरं वापरायची, कॅपिटल लागतं तिथे तसं सांगितलं आहे. प्रिंटरची नावं ‘काळा’ आणि ‘रंगीत’ अशी धरू. प्रत्यक्षात नाव इंग्रजी अक्षरांत आणि मधे जागा न सोडता द्यावं.

‘एलपीस्टॅट -ओ’ म्हटलं की रांग दिसते: काळा-१४३, पाठवणाऱ्याचं नाव, बाइट्स, वेळ. १४३ हा जॉबचा नंबर. बदल करण्याआधी तो थांबवायचा: ‘एलपी -आय १४३ -एच होल्ड’, यातला एच कॅपिटल, पुढेही सगळीकडे. थेट बदल केला तरी चालतं, पण आपण टाइप करेपर्यंत पुढचा जॉब संपून याचा नंबर लागू शकतो. मग पाच प्रती निघून जातात आणि बदल कोरडा राहतो. थांबवल्यावर ‘एलपी -आय १४३ -एन १ -ओ मीडिया=ए४’ (ए कॅपिटल, पुढेही), आणि शेवटी ‘एलपी -आय १४३ -एच रिझ्यूम’. मुख्य काम एवढंच. माणसं समोर उभी असताना एखादा जॉब पुढे घ्यायचा असेल तर ‘-क्यू ८०’ द्या. प्रायॉरिटी १ ते १००, न सांगितल्यास ५०, आकडा मोठा तो आधी. सुरू असलेला जॉब मात्र मध्येच थांबवून दुसरा घेतला जात नाही, त्याचं शेवटचं पान निघेपर्यंत ८० वालाही उभाच.

लेटर साइजचा घोळ वेगळा सांगायला हवा, कारण प्रिंटर बिघडला म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं जातं त्यातली बरीच प्रकरणं ही असतात. जॉब लेटरचा, ट्रेमध्ये ए४, प्रिंटर दिवा मिचकावत लेटर कागदाची वाट पाहत बसतो आणि मागची रांग तुंबते. अडकलेला जॉब आधीच सुरू झालेला असल्याने तो काढून पुन्हा द्यावा लागतो, मागचे वरच्या पद्धतीने ए४ करून घ्यावेत. कायमचा इलाज म्हणजे ‘एलपीऑप्शन्स -पी काळा -ओ मीडिया=ए४’. ही कमांड सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने दिली तर मशीनवरच्या सगळ्यांना लागू होते, न लावता दिली तर फक्त त्या युजरला. शपथपत्रासाठी लीगल कागद लागतो तेव्हा त्या एका जॉबलाच ‘मीडिया=लीगल’ द्यावं (एल कॅपिटल), डिफॉल्टला हात लावू नये.

खरी किंमत कळते ती लाइन गेल्यावर. लेसर प्रिंटरचा फ्यूझर, म्हणजे टोनर कागदावर वितळवून चिकटवणारा भाग, तापताना शेकडो वॅट ओढतो, त्यामुळे दुकानातल्या साध्या इन्व्हर्टरवर तो टाकला की इन्व्हर्टर ओरडून बंद पडतो. इंक टँकवाल्याला तेवढी भूक नसते, तो त्याच इन्व्हर्टरवर आरामात चालतो. अशा वेळी ‘एलपीमूव्ह काळा रंगीत’ म्हटलं की लेसरच्या रांगेतले सगळे जॉब इंक टँकच्या रांगेत जातात, एकच हलवायचा तर ‘एलपीमूव्ह १४३ रंगीत’. मूळ पीडीएफ जवळ असल्याने ती नव्या प्रिंटरसाठी पुन्हा तयार होते. कागद आणि प्रती यांचे पर्याय सोबत जातात, टोनर सेव्हसारखे त्या मॉडेलपुरते पर्याय गळतात. रंगीत फोटो असलेला अर्ज इंक टँकवर रंगीतच निघेल, शाई वाचवायची असेल तर हलवण्याआधी होल्ड करून ‘-ओ प्रिंट-कलर-मोड=मोनोक्रोम’ द्या.

पीसीही बंद पडला असेल तर? रांग डिस्कवर असते, त्यामुळे जॉब हरवत नाहीत. जो अर्ध्यावर होता तो मात्र पहिल्या पानापासून पुन्हा सुरू होतो. चाळीस पानांचा फेरफाराचा उतारा बाविसाव्या पानानंतर तुटला असेल तर पीसी सुरू झाल्याबरोबर, प्रिंटरचं बटण दाबण्याआधी, तो होल्ड करून ‘एलपी -आय १४३ -पी २३-४०’ द्यावं (इथे पी कॅपिटल). प्रिंटर आधी सुरू केलात तर पहिलं पान बाहेर यायला वेळ लागत नाही.

याच ठिकाणी कप्सचा एक स्वभाव गैरसोयीचा ठरतो. छपाईत गडबड झाली की प्रिंटरच बंद करून ठेवायचा, असं त्याचं मूळ धोरण आहे. काही लिनक्समध्ये ते बदलून दिलेलं असतं. लाइन येते, प्रिंटरचा दिवा हिरवा लागतो, तरी कागद काही निघत नाही. मग ऑपरेटर तेच प्रमाणपत्र चार वेळा पाठवतो. ‘कप्सएनेबल काळा’ म्हटलं की प्रिंटर जागा होतो आणि चारही प्रती ओकतो. म्हणून आधी ‘एलपीस्टॅट -ओ’ पाहून जादाचे ‘कॅन्सल १४५’ असे काढावेत, मग एनेबल करावं. आपल्याकडच्या लाइनचा भरवसा पाहता धोरणच बदललेलं बरं: ‘एलपीअ‍ॅडमिन -पी काळा -ओ प्रिंटर-एरर-पॉलिसी=रीट्राय-जॉब’. मग ते थोड्या थोड्या वेळाने स्वतःच प्रयत्न करत राहतं.

आता वेळेचा सापळा. मोठी छपाई गर्दी ओसरल्यावर रात्री ९ वाजता निघावी म्हणून कोणी ‘-एच २१:००’ लिहिलं, तर ती निघेल पहाटे २:३० वाजता. ही वेळ स्थानिक नसून यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरली जाते, मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं आहे, पण मॅन्युअल वाचतो कोण. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करायचे: रात्री ९ साठी १५:३०, संध्याकाळी ७ साठी १३:३०. ओलितासाठी रात्री मोटरीवर बसलेले कास्तकार सोडले तर अडीचला गावात कोणी जागं नसतं, आणि सकाळी ट्रेमधून सांडून दुकानभर पसरलेले कागद पाहून प्रिंटरला भूत लागलं असं वाटू शकतं. गंमत म्हणजे त्याच -एच ला ‘नाइट’ हा शब्द दिला तर तो स्थानिक वेळेने चालतो, संध्याकाळी ६ नंतर जॉब सुटतो. आकड्यांच्या भानगडीत न पडता ‘नाइट’ वापरणं सोयीचं.

छपाईखेरीज रात्री चालवायची कामं, म्हणजे स्कॅनच्या फोल्डरचा बॅकअप वगैरे, लिनक्सच्या ‘अ‍ॅट’ या कमांडवर लावली जातात, आणि तिथे वेळ सरळ आपली असते. पण लावलेलं काम बदलायची सोयच ‘अ‍ॅट’मध्ये नाही. ‘अ‍ॅटक्यू’ने नंबर पाहायचा, ‘अ‍ॅट -सी ७’ आणि ‘अ‍ॅट २२:३०’ यांच्यामध्ये पाइपची उभी रेघ (|) देऊन पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला द्यायचं, म्हणजे तेच काम नव्या वेळेने लागतं, आणि मग ‘अ‍ॅटआरएम ७’ने जुनं काढायचं. हे शेवटचं राहिलं तर बॅकअप दोनदा चालतो. त्या वेळी मशीन बंद असेल तर काम बुडत नाही, मशीन सुरू होताच चालू होतं. भर सकाळच्या गर्दीत पीसी का रेंगाळतोय याचं कारण कधी कधी हेच असतं. अशी कामं ‘बॅच’ने लावली तर मशीनवरचा भार उतरेपर्यंत ती थांबून राहतात. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या व्हीएमएस या जुन्या सिस्टिममध्ये छपाई असो वा बॅच, रांगेतलं काम ‘सेट एंट्री’ या एकाच कमांडने बदलायचं. लिनक्सला ती एकसंधता अजून जमलेली नाही.

दोन्ही बाजूंनी छापायचा अर्ज आणि प्रिंटरमध्ये ऑटो डुप्लेक्स नाही, अशी जोडी आपल्याकडे सर्रास दिसते. त्यासाठी होल्डचा उपयोग छान होतो. एकच फाइल दोनदा पाठवा: पहिला जॉब ‘-ओ पेज-सेट=ऑड’, दुसरा ‘-ओ पेज-सेट=ईव्हन’ आणि सोबत ‘-एच होल्ड’. विषम पानं निघाली की गठ्ठा उलटून ट्रेमध्ये घाला आणि दुसऱ्याला रिझ्यूम द्या. गठ्ठा कसा उलटायचा हे मॉडेलवर ठरतं, दोन पानांवर एकदा पाहून ट्रेवरच पेनाने बाण काढून ठेवा. एकूण पानं विषम असतील तर शेवटचा कागद आधीच बाजूला काढा, नाहीतर पुढची सगळी जुळणी सरकते. पावसाळ्यात दमट कागद दोन-दोन ओढला जातो आणि तोच घोळ होतो, त्यावर कप्सकडे उपाय नाही. रीम बंद पिशवीत ठेवा.

काय बदलत नाही तेही पाहून ठेवा. ब्राउझरने किंवा ऑफिसने स्वतःच दोन पानं एका पानावर बसवून पाठवली असतील तर ती रांगेत सुटी होत नाहीत. विंडोजचा पीसी कप्सच्या मशीनवरून छापत असेल आणि त्यावर कंपनीचा ड्रायव्हर असेल, तर जॉब प्रिंटरच्या भाषेतच येतो. त्याला होल्ड, प्रायॉरिटी, कॅन्सल चालतं, पण कागद आणि पानं बदलत नाहीत, आणि वेगळ्या मॉडेलवर हलवला तर चित्रविचित्र अक्षरांचे कागद निघतात. बायोमेट्रिक आणि डिजिटल सहीच्या टोकनसाठी विंडोज ठेवावंच लागत असेल तर तिथे प्रिंटर आयपीपी या नेटवर्कवरून छापायच्या पद्धतीने, पोर्ट ६३१ वरून, पोस्टस्क्रिप्ट या सर्वसाधारण छपाई-भाषेच्या साध्या ड्रायव्हरवर जोडावा.

जुना प्रिंटर आधी तपासून घ्या. एचपीच्या बहुतेक मॉडेलना एचपीएलआयपी हा एचपीचाच लिनक्ससाठीचा ड्रायव्हर पुरतो. आपल्याकडे ठिकठिकाणी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र कॅप्ट ही स्वतःची भाषा बोलतो, त्याला वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो आणि ते काम जाणकाराकडून करून घेतलेलं बरं. नवा घेताना एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर लिहिलेला घेतला तर ड्रायव्हरची कटकटच नाही.

कमांड नको असेल त्याच्यासाठी ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:६३१ वर पान आहे. होल्ड, रिलीज, कॅन्सल, मूव्ह ही बटणं तिथे आहेत, प्रती किंवा कागद बदलायचं बटण नाही. दुसऱ्याने पाठवलेला जॉब हलवायला किंवा थांबवायला परवानगी लागते, त्यासाठी काउंटरवरच्या मुख्य ऑपरेटरचा युजर ‘एलपीअ‍ॅडमिन’ गटात घालावा. सगळ्यांना घालू नये, एकमेकांचे जॉब मागे ढकलण्याची चढाओढ लागते.

आणि एक सेटिंग पहिल्याच दिवशी बदला. छापून झालेल्या फाइली कप्स एक दिवस जपून ठेवतं, म्हणजे ‘-एच रीस्टार्ट’ने तीच प्रिंट पुन्हा काढता येते. सोय चांगली, पण त्या फाइली म्हणजे लोकांचे आधार आणि पासबुक. ‘कप्सडी.कॉन्फ’ या कप्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘प्रिझर्व्हजॉबफाइल्स नो’ अशी ओळ लिहा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. रीस्टार्टची सोय जाते, दाखला पुन्हा हवा असेल तर पोर्टलवर जावं लागतं. आधीच्या साठलेल्या फाइली ‘कॅन्सल -ए -एक्स’ने निघतात, पण त्यासोबत रांगेत उभे असलेले जॉबही जातात, म्हणून ही कमांड दुकान बंद करताना द्यावी.