'आय', 'मी' की 'मायसेल्फ'?

दारावर टकटक केली, आतून 'हू इज इट?' आलं. आता 'इट इज आय' म्हणायचं की 'इट्स मी'? बिनधास्त 'इट्स मी' म्हणा. 'इट इज आय'चा आग्रह लॅटिनच्या वळणावर इंग्रजीला शिस्त लावणाऱ्या वैयाकरणांचा; रॉबर्ट लाउथने १७६२ सालच्या व्याकरणात तसा नियमच दिला. आज ते दारात ऐकलं तर आतला माणूस कडी काढायच्या आधी दचकेल. गंमत म्हणजे आपणही दाराबाहेरून 'मी!' असंच ओरडतो, उच्चारासकट. फोनवर तुमचीच चौकशी झाली तर 'धिस इज शी' चालतं, पण 'स्पीकिंग' म्हटलं की सुटलात.

खरी गफलत जोडीत होते. शाळेत 'मी अँड राहुल वेंट' म्हटलं की बाई 'राहुल अँड आय' घोटून घेत. ती धास्ती अशी बसली की 'सर कॉल्ड राहुल अँड आय' म्हणताना उलट भारी वाटतं. राहुलला बाजूला करा: 'सर कॉल्ड आय'? कान लगेच सांगतो, 'मी' हवं. 'बिटवीन यू अँड आय'ला ही युक्ती लागू पडत नाही, कारण 'बिटवीन'ला दोघे लागतातच. तिथे 'बिटवीन वी' म्हणून बघा. कुणीच म्हणत नाही, सगळे 'बिटवीन अस' म्हणतात. म्हणून 'बिटवीन यू अँड मी'. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस' नाटकातल्या अँटोनियोने पत्रात 'यू अँड आय' लिहिलंय खरं, पण नोकरीच्या मुलाखतीत तो दाखला कामाला येणार नाही.

'टॉलर दॅन आय' की 'दॅन मी'? बोलताना 'मी'. परीक्षेत 'दॅन आय अ‍ॅम' असं पूर्ण लिहा, वादच नको.

उरलं 'मायसेल्फ', आपलं फारच लाडकं. 'मायसेल्फ सुनील' ऐवजी साधं 'आय अ‍ॅम सुनील'. मेलमध्ये 'सेंड इट टु मायसेल्फ' लिहिण्यामागे मला वाटतं आपली 'आपण'ची सवय असावी: 'मी' उद्धट वाटतं, म्हणून लांबलचक शब्द अदबीचा. इंग्रजीत 'सेंड इट टु मी'मध्ये उद्धटपणा नाही; अदब हवी तर 'प्लीज' आहे. 'मायसेल्फ' ठेवा ते कर्ता 'आय' असेल तेव्हा: 'आय कट मायसेल्फ', म्हणजे माझं मलाच लागलं. किंवा 'आय मेड इट मायसेल्फ', जिथे मराठीत आपण 'मी स्वतः केलंय' असं ठासून सांगू.