जुन्या विमानाचा पंख: पट्टी मारायची, स्पार बदलायचा की आहे तो जपायचा?

तिघाचौघांनी मिळून जुनं चार आसनी विमान घ्यायचं ठरलं की लॉगबुक चाळताना गाडी एका नोंदीपाशी अडते: पंखाचा स्पार, म्हणजे आतली लांबीभर जाणारी मुख्य तुळई, शेवटचा कधी तपासला? मग प्रश्नांची रांग लागते. खालून धातूची जादा पट्टी मारून घ्यावी का? स्पारच बदलावा का? दुसऱ्या विमानाचा चांगला पंख मिळाला तर? आणि एकजण म्हणतोच, ‘पंख उघडतोय तर व्हीजीपण लावून टाकू, उतरायला सोपं जाईल.’ (व्हीजी म्हणजे व्होर्टेक्स जनरेटर, पंखावर बसवायची छोटी पाती. त्यांनी विमान आणखी कमी वेगात उडू शकतं.)

जुहूच्या हँगरमध्ये पंखाखाली पाठीवर पडून काम करण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यावरून माझं मत आधीच सांगतो. आपल्याकडच्या विमानांचे पंख मुळात कमजोर नसतात. त्यांची असलेली ताकद वापराने आणि खाऱ्या हवेने खाल्ली जाते. म्हणून आधी कोणी किती खाल्लं ते बघायचं, पर्याय त्यानंतर निवडायचा.

सेस्ना १७२ एसचं उदाहरण घ्या. उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन ११५७ किलो. सरळ उडताना पंख तेवढाच भार पेलतात, ६० अंश कलून उंची न सोडता वळलात तर दुप्पट. नॉर्मल कॅटेगरीत (साध्या वापराच्या विमानांचा वर्ग) ३.८ पटीपर्यंतचा भार पंखाने कायमचा न वाकता सोसायचा असतो, म्हणजे जवळजवळ ४४०० किलो. त्यावर दीडपट राखीव, म्हणजे ५.७ पटीपर्यंत तो मोडता कामा नये. नव्या, निरोगी पंखात एवढी ताकद असते. हा भार पंखाला वर वाकवतो, त्यामुळे स्पारची खालची कड ताणली जाते आणि वरची दाबली जाते. टेकू (धडापासून पंखाला दिलेली तिरकी दांडी) नसलेल्या पंखात हा ताण बुडाशी, म्हणजे पंख धडाला जोडणाऱ्या बोल्टांच्या जागी, सगळ्यात जास्त. टेकूवाल्या पंखात टेकू जिथे जोडलाय तिथेही बघावं लागतं. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच बोल्टच्या भोकाच्या काठावर धातू दमतो आणि केसाएवढी चीर पडते.

ही भीती कागदावरची नाही. ४ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत डेटोना बीचजवळ प्रशिक्षणाच्या पायपर ॲरो विमानाचा डावा पंख हवेत निखळला आणि आतले दोघेही गेले. स्पारच्या खालच्या कडेला, बोल्टच्या भोकाशी फटीगची, म्हणजे धातू दमून पडलेली चीर सापडली. पुढच्या वर्षी, २६ मे २०१९ रोजी, ऑस्ट्रेलियात माउंट आयझाजवळ सेस्ना २१० चा पंख तुटला, तिथेही दोघे गेले. त्यात केबिनवरून आडवा जाणारा, दोन्ही पंख जोडणारा स्पार मोडला होता, आणि चिरेची सुरुवात करोजनच्या, म्हणजे गंजण्याच्या, एका बारीक खड्ड्यातून झाली होती. समुद्राजवळ विमान ठेवणाऱ्यांनी हा दुसरा अपघात लक्षात ठेवावा. एवढ्याशा खड्ड्याने सुरुवात झाली होती.

पहिल्या अपघातानंतर अमेरिकेच्या एफएएने (तिथली विमान वाहतूक नियामक संस्था) पायपरच्या अनेक मॉडेल्ससाठी जो तपासणीचा आदेश काढला, त्यातला हिशेब विमान घेणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखा आहे. विमानाच्या जितक्या १०० तासी तपासण्या झाल्या, तितके शंभर तास पूर्ण धरायचे. उरलेल्या तासांना १७ ने भागायचं. १०० तासी तपासणी अमेरिकेत भाड्याच्या आणि शिकवणीच्या विमानांना लागते, म्हणजे शिकाऊ हातांखालचा एक तास खासगी वापराच्या सतरा तासांइतका जड. असे ५००० तास भरले की बोल्ट काढून भोकं एडी करंटने (विजेच्या प्रवाहाने न दिसणारी चीर शोधण्याची पद्धत) तपासायची. म्हणून ‘फक्त सहा हजार तास झालेत’ असं कोणी सांगितलं की पहिला प्रश्न विचारा: हे तास कुणाकडे झाले? क्लबकडे की एका मालकाकडे?

आता प्रत्यक्ष बघू. पंखाच्या बुडाशी खालच्या बाजूला तपासणीची झाकणं असतात. ऑगस्टमध्ये एखादं उघडलंत तर आधी कुबट वास येतो. टॉर्च आणि दांडीवरचा आरसा आत घाला. रिवेटच्या डोक्यामागे धुरासारखा काळा ओघळ दिसला तर तो रिवेट सैल होऊन घासतोय. पत्र्यांच्या जोडातून राखाडी-पांढरा भुगा डोकावत असेल, किंवा दोन रिवेटांमधला पत्रा उशीसारखा फुगला असेल, तर आत ॲल्युमिनियम कुजतंय. नखाने खरवडून भुगा पडला की लोक ‘साफ करून रंग मारा’ म्हणतात. भुगा जिथून आला तिथे तेवढा धातू कमी झालेला असतो, आणि किती कमी झालाय ते मोजल्याशिवाय रंगाचा डबा उघडायचा नाही.

पहिला पर्याय, पंख आहे तसा ठेवून नेमाने तपासणं आणि जपणं. अनेकांना हा पैसे वाचवण्याचा मार्ग वाटतो. माझ्या मते विमानाचे तास मध्यम असतील आणि स्पार स्वच्छ असेल तर हाच उत्तम मार्ग. वजन वाढत नाही, नवी भोकं पडत नाहीत, कागदपत्रं सोपी राहतात. मात्र बोल्ट काढण्यातही धोका आहे. घट्ट बसलेला बोल्ट ठोकून काढताना भोकाला ओरखडा गेला तर जी चीर शोधायला निघालो तिचीच सोय करून ठेवली. त्यामुळे हे काम ज्याने आधी केलंय त्याच्याच हातात द्या. वर्षातून एकदा आतून करोजनरोधक फवारा आणि पावसाळ्यात झाकणांखाली पाणी साचू न देणं, हे जुहूसारख्या ठिकाणी अर्धं औषध आहे.

दुसरा पर्याय, मान्यताप्राप्त मजबुतीचा संच, म्हणजे स्पारच्या ताणल्या जाणाऱ्या कडेला जादा पट्टी किंवा डबलर. काही मॉडेल्ससाठी असे संच एसटीसीसह, म्हणजे त्या बदलाच्या अधिकृत मंजुरीसह, मिळतात. स्पार निरोगी आहे पण वापर कडक आहे, कमी उंचीवरून उडून सर्वेक्षण करायचंय, असं असेल तर पट्टीला अर्थ आहे. पण पट्टी बसवायला चांगल्या स्पारमध्ये नवी भोकं पाडावी लागतात, आणि प्रत्येक भोक ही चिरेची नवी संभाव्य जागा असते. शिवाय कडक भागाकडे भार जास्त ओढला जातो, म्हणून पट्टी जिथे संपते तिथे ताण गोळा होतो. चांगल्या संचात पट्टीची टोकं निमुळती केलेली असतात. एका विमानावर पूर्वी कुणीतरी चौकोनी कापलेला डबलर मारलेला मी पाहिला. डबलर ठणठणीत होता, आणि त्याच्या कोपऱ्यापासून जेमतेम बोटभर अंतरावर मूळ पत्र्याला चीर गेली होती. आणि एक लक्षात घ्या, आधीच चीर गेलेल्या किंवा कुजलेल्या स्पारवर पट्टी मारणं म्हणजे कुजकं आत झाकून ठेवणं. पुढच्या तपासणीत ते दिसणारही नाही.

तिसरा पर्याय स्पार किंवा अख्खा पंख बदलण्याचा. खर्च आणि वेळ दोन्ही सगळ्यात जास्त. स्पार बदलायचा तर पंख मापाच्या साच्यात घट्ट धरून उघडावा लागतो, नाहीतर पंखाचा पीळ बिघडतो आणि विमान एका बाजूला झुकत उडतं. नवा पंख मागवला तर मोठ्या लाकडी पेटीतून न्हावा शेवाला येतो, तिथून कस्टम्स, मग रस्त्याने. वापरलेला पंख स्वस्तात मिळतो, पण त्याचे तास आणि अपघाताचा इतिहास लिखित हवा. त्याचं लॉग नसेल तर रंग कितीही चकचकीत असो, तो पंख नको. मात्र चीर सापडली असेल किंवा कडेची जाडी मर्यादेखाली गेली असेल, तर माझ्या मते हाच खरा पर्याय आहे. पट्टी आणि बदल यांत मन अडकलं असेल आणि स्पारबद्दल जराही शंका असेल, तर मी बदलाकडेच झुकतो. पैसे जास्त जातात, पण आत काय आहे ते नक्की माहीत असतं.

व्हीजी, पुढची कड बदलणारे स्टॉल किट आणि लांब केलेली टोकं यांना लोक याच यादीत धरतात. यातल्या कशानेही पंख आपोआप मजबूत होत नाही, आणि इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. समजा स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंखाची उचल सुटते तो, ५० नॉट आहे आणि मनूव्हरिंग स्पीड, म्हणजे ज्या वेगापर्यंत दांडा पूर्ण ओढला तरी पंख मर्यादेत राहतो तो, ९७. त्या वेगाला कंट्रोलचा दांडा एकदम ओढला तर पंख सुमारे ३.८ जीला (वजनाच्या ३.८ पट भाराला) स्टॉल होतो, म्हणजे मर्यादा गाठताच भार सोडून देतो. व्हीजी लावून स्टॉल ४६ नॉटवर आला, तर त्याच ९७ ला पंख साडेचार जीच्या जवळपास भार घेऊ शकतो. उतरणं सोपं झालं, पण पंखाची राखणदारी करणारा स्टॉल मागे सरकला. म्हणून असा बदल केल्यावर फ्लाइट मॅन्युअलच्या पुरवणीत वेगांबद्दल काय लिहिलंय ते वाचा. लांब केलेल्या टोकांमुळे उचल बाहेर सरकते आणि बुडाशी वाकवणारा जोर वाढतो. टोकावरच्या पेट्रोलच्या टाक्यांचं मात्र उलट असतं. भरलेल्या टाकीचं वजन पंखाला खाली ओढतं, त्यामुळे हवेत बुडाशी ताण कमी होतो.

छोट्या बदलाने मोठं काम होतं हे जुहूला नवं नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पुस मॉथ विमानातून. त्याच जातीची काही विमानं त्या काळात हवेत पंख तुटून पडली होती. शोध घेतल्यावर दोष पंखाच्या पुढच्या टेकूत निघाला. वादळी हवेत तो दाबाने मधोमध वाकत होता. त्याच्या मध्याला एक छोटा जादा टेकू दिला. सगळा पंख जाड केला नाही, नेमकी वाकणारी जागा धरली. आजही मी याच क्रमाने विचार करतो: आधी दोषाची जागा, मग धातू.

कागदांचं थोडक्यात. व्हीटी, म्हणजे भारतीय नोंदणीच्या विमानावर स्वतःच्या अकलेने पट्टी मारता येत नाही. परदेशी एसटीसी असली तरी डीजीसीएची (आपल्याकडची विमान वाहतूक नियामक संस्था) मान्यता लागते, काम मान्यताप्राप्त संस्थेतच होतं, सही परवानाधारक एएमईची (विमान देखभाल अभियंत्याची), आणि वजन-तोल नव्याने करावा लागतो. विमा कंपनीला आधी लेखी कळवा. घरी बांधलेल्या विमानाची वाट वेगळी आहे. अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी ते पाहिलं. तसं काही करणार असाल तर पंख उलटा टांगून वाळूच्या पोत्यांनी भार देऊन तपासण्याची तयारी ठेवा.

राहिला मुहूर्त. जून ते सप्टेंबर विमान तसंही उभं असतं म्हणून लोक पंख त्याच काळात उघडतात. उघडा जरूर, तपासणीला तो वेळ चांगला आहे, सुटे भागही तेव्हाच मागवा. पण दमट पत्र्यावर प्रायमर मारलात तर ओल आतच राहते आणि दोन वर्षांनी तोच भुगा परत दिसतो. मी पंख बंद करायला दसरा उलटू देतो, आणि बंद करण्याआधी आतल्या प्रत्येक जोडाचा फोटो काढून लॉगबुकात ठेवतो, पुढच्या माणसाला तुलना करायला.