जेसीपी आधी की सीएमएमसी? डिफेन्सचं काम घेणाऱ्या छोट्या मशीन शॉपसाठी

आमच्या मराठी मंडळातला एक मित्र ओहायोत सीएनसी शॉप टाकतोय, त्याने परवा फोन केला की अरे अमेरिकन डिफेन्सची कामं घ्यायची तर आधी जेसीपी करू का सीएमएमसी, आणि सीएमएमसीची लेव्हल १ चालेल का थेट लेव्हल २ ला जाऊ? तासभर बोललो, तेच इथे लिहितोय कारण हाच प्रश्न मला बरेच जण विचारतात.

पहिली गोष्ट, जेसीपी आणि सीएमएमसी यात एकच निवडायचं असं नसतं. जेसीपी (जॉइंट सर्टिफिकेशन प्रोग्राम) म्हणजे एक्स्पोर्ट कंट्रोल्ड, म्हणजे परवान्याशिवाय देशाबाहेर द्यायला मनाई असलेलं ड्रॉइंग बघायची परवानगी, आणि सीएमएमसी (सायबरसिक्युरिटी मॅच्युरिटी मॉडेल सर्टिफिकेशन) म्हणजे ते ड्रॉइंग तुमच्याकडे नीट सांभाळलं जातंय याचा पुरावा.

जेसीपी सोपं आहे. अमेरिका आणि कॅनडाने मिळून १९८५ मध्ये सुरू केलेला प्रोग्राम, ऑफिस मिशिगनमध्ये बॅटल क्रीकला, फॉर्म डीडी २३४५, फी शून्य, आणि एकदा मिळालं की ५ वर्षं चालतं. त्याआधी सॅमवर, म्हणजे सरकारला माल विकणाऱ्यांच्या सरकारी वेबसाइटवर, रजिस्ट्रेशन आणि केज कोड (कंपनीचा सरकारी ओळख क्रमांक) लागतो. आमच्या शॉपचा फॉर्म पहिल्यांदा परत आला, कारण सॅमवर पत्त्यात स्वीट नंबर (बिल्डिंगमधल्या गाळ्याचा नंबर) होता आणि फॉर्मवर आम्ही तो लिहायलाच विसरलो होतो. तेवढ्या एका चुकीत तीन आठवडे गेले आणि ज्या पार्टसाठी कोट द्यायचं होतं त्याची तारीखही निघून गेली, अजून हळहळ वाटते.

आपल्या लोकांनी नीट बघायची जागा म्हणजे डेटा कस्टोडियन, म्हणजे आलेली ड्रॉइंग ज्याच्या ताब्यात राहणार तो माणूस. फॉर्मवर ज्याचं नाव द्यायचं तो अमेरिकन किंवा कॅनेडियन नागरिक हवा, नाहीतर ग्रीन कार्डवाला हवा, एच-वन-बी चालत नाही. आणि हे फक्त फॉर्मपुरतं नाहीये, आयटार (शस्त्रांच्या निर्यातीचे अमेरिकन नियम) खालचं ड्रॉइंग तुम्ही तुमच्याच शॉपमधल्या एच-वन-बीवरच्या इंजिनिअरला नुसतं स्क्रीनवर दाखवलंत तरी कायद्याने ती एक्स्पोर्टच धरतात, मग तो कितीही विश्वासू असो. पुण्याला भाच्याकडे पीडीएफ पाठवून स्वस्तात सॉलिडवर्क्स मॉडेल करून घेऊ, हा विचार तर मनातही आणू नका. भोसरी-चाकणहूनही विचारणा येते की आम्ही जेसीपी काढू का, तर नाही, ते अमेरिका आणि कॅनडातल्या कंपन्यांपुरतंच आहे.

आता सीएमएमसी. लेव्हल तुम्ही आवडीने निवडत नाही, तुमच्याकडे काय माहिती येते त्यावर आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये काय लिहिलंय त्यावर ती ठरते. तुमच्या गिऱ्हाइकाचं एखादं जुनं ड्रॉइंग काढा आणि टायटल ब्लॉकच्या आसपास बघा, तिथे डिस्ट्रिब्युशन स्टेटमेंट डी (ड्रॉइंग कोणाला देता येतं ते सांगणारा शिक्का) किंवा एक्स्पोर्टची वॉर्निंग छापलेली असेल तर तुमचा रस्ता लेव्हल २ चाच आहे असं धरून चाला. नुसती पीओ (खरेदीची ऑर्डर), डिलिव्हरीच्या तारखा, कॉन्ट्रॅक्टची साधी माहिती एवढंच येत असेल तर लेव्हल १ पुरते. बाजारात कोणालाही मिळतो तसा तयार मालच फक्त विकत असाल तर सीएमएमसी लागतच नाही.

लेव्हल १ मध्ये १५ गोष्टी, दरवर्षी स्वतःच तपासायच्या. पासवर्ड, अँटिव्हायरस, आलेल्या माणसाची नोंद, जुनी हार्ड डिस्क टाकण्याआधी पुसणं असल्या. पण पंधराच्या पंधरा पूर्ण हव्यात, "नंतर करतो" चालत नाही.

लेव्हल २ म्हणजे एनआयएसटी ८००-१७१ या माहिती सुरक्षेच्या अमेरिकन सरकारी मानकाच्या ११० अटी, आणि खरा घाम इथे गाळावा लागतो. स्कोर ११० पासून सुरू होतो आणि जे नाही त्याचे ५, ३ किंवा १ असे मार्क वजा होतात, खाली थेट उणे २०३ पर्यंत. आमचा पहिला स्कोर उण्यातच होता. ऑफिसचे कम्प्युटर तसे ठीक होते, पण शॉप फ्लोअरवर गेलो तर मिलिंग मशीनच्या कंट्रोलरला प्रोग्राम द्यायला एकच पेन ड्राइव्ह सगळेजण वापरत होते आणि ड्रॉइंगची प्रिंट क्लिपबोर्डला लावून मशीनवर लटकवलेली, कुरिअरवाला आला तरी त्याला दिसेल अशी! ती प्रिंटसुद्धा यात मोजतात हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शिवाय ड्रॉइंग क्लाउडवर ठेवायचं तर तो फेडरॅम्प मॉडरेट (क्लाउड सुरक्षेची अमेरिकन सरकारी मान्यता) किंवा त्या तोडीचा हवा, म्हणजे घरगुती ईमेल आणि ड्राइव्ह बाद. ८८ किंवा त्याहून जास्त स्कोर असेल तर काही बारीक गोष्टी १८० दिवसांत पूर्ण करायची मुभा मिळते, पण सिस्टिम सिक्युरिटी प्लॅन, म्हणजे कुठली अट तुम्ही कशी पाळता त्याचा कागद, लिहिलेलाच नसेल तर स्कोरच धरत नाहीत.

लेव्हल २ मध्येही दोन प्रकार, एक स्वतः तपासायचा आणि एक बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेकडून, दोन्ही तीन वर्षांसाठी. १० नोव्हेंबर २०२५ पासून कॉन्ट्रॅक्टमध्ये मुख्यतः लेव्हल १ आणि स्वतः तपासायची लेव्हल २ यायला लागली, १० नोव्हेंबर २०२६ पासून बाहेरच्या तपासणीचा टप्पा. खर्चाचा सरकारचा स्वतःचा अंदाज छोट्या कंपनीसाठी असा आहे की लेव्हल १ ला सुमारे ६ हजार डॉलर, लेव्हल २ स्वतः केली तर ३७ हजार, बाहेरून केली तर जवळजवळ १ लाख ५ हजार, आणि यात नवीन फायरवॉल वगैरे बसवायचा खर्च धरलेलाच नाही.

माझं स्पष्ट मत, पंधरा-वीस माणसांच्या शॉपने सगळी कंपनी लेव्हल २ मध्ये ओढू नये. दोन-तीन कम्प्युटर, एक कुलूपबंद कपाट आणि ठरावीक माणसं वेगळी काढा, ड्रॉइंग तेवढ्यातच फिरू द्या, तपासणी तेवढ्याचीच होते. आणि स्कोर फुगवून लिहू नका प्लीज, दरवर्षी कंपनीच्या वरिष्ठ माणसाला सगळं खरं असल्याचं लिहून द्यावं लागतं आणि खोटं निघालं तर फॉल्स क्लेम्स कायद्याखाली केस होते, त्यात शॉप जाऊ शकतं.

मित्राला सांगितलं की जेसीपीचा फॉर्म याच आठवड्यात भर, फुकट आहे, आणि फ्लोअरवर फिरून कागद कुठेकुठे जातो त्याची यादी कर. तो लगेच भरायला बसणार होता, म्हटलं थांब, आधी सॅम उघड आणि पत्ता अक्षर न अक्षर जुळवून बघ.